परिशिष्ट तीन

"हे कोणी लिहिलं, तेवढंच सांगा. मी भांडायला आलेली नाही."

मामींनी, कॉम्प्रेसर घरातल्या मामांच्या बायकोने, वर्तमानपत्रातून कापलेला तुकडा टेबलावर ठेवला आणि त्यावर तळहात दाबून धरला. जणू पंख्याच्या वाऱ्याने तो उडून जाईल. पंखा बंदच होता.

टेबलापलीकडून तिने वाचल्यासारखं केलं. वाचायची गरज नव्हती. ते वाक्य तिला तोंडपाठ होतं. 'प्राथमिक माहितीनुसार, सुरक्षा मुखवटा उपलब्ध असूनही संबंधित कर्मचाऱ्याने तो वापरला नव्हता.' वाक्याखाली हिरव्या शाईची रेघ होती, पट्टी लावून मारलेली. मामी शिवणकाम करत. वाकडी रेघ त्यांच्या हाताला ठाऊकच नव्हती.

"मामी, हे कंपनीचं निवेदन आहे. असं एक कोणी लिहीत नसतं."

"लिहिणारा हात तर एकाचाच असेल ना?"

तिने दोनदा पाणी विचारलं. मामी नको म्हणाल्या. काचेच्या भिंतीपलीकडे साहेब फोनवर बोलत होते, पण त्यांची मान इकडेच वळलेली होती.

"सव्वीस वर्षं हा माणूस दुसऱ्यांच्या मागे लागायचा, मुखवटा लावा रे, मुखवटा लावा रे. आता शेजारची कालची पोरं मला शिकवतात, काकू, काकांनी लावायला हवा होता." मामींचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "शुक्रवारी चौकशी आहे. समितीतले एक साहेब आत्ताच म्हणतात, कंपनीने त्याच दिवशी वीस मिनिटांत लिहून दिलंय, आता वेगळं काय निघणार? डोळे गेले ते गेलेच, आता निष्काळजी म्हणून घरी बसवणार. मला एवढंच कळवा. वीस मिनिटांत आत जाऊन पाहिलं कोणी?"

"कळवते," ती म्हणाली.

या एका शब्दावरून तिचं नाव पडलं होतं. शीतगृहाच्या आवारात, गोदामापासून वजनकाट्यापर्यंत, तिला सगळे 'कळवते मॅडम' म्हणत. फोन कोणाचाही असो, पत्रकाराचा, तक्रारदाराचा किंवा सासूबाईंचा, शेवटी ती 'कळवते हं' म्हणून ठेवून देई. जनसंपर्क विभागात हा शब्द फार कामाचा. त्यात होही नसतं आणि नाहीही नसतं.

मामी उठल्या. तुकडा त्यांनी दुमडून पिशवीत ठेवला, शिपायाने आणून ठेवलेल्या, तसाच राहिलेल्या चहाच्या कपाकडे पाहिलं, आणि जाता जाता सहज म्हणाल्या, "पोरगी बरी आहे का तुमची? हे विचारत होते. तिला ताप होता ना त्या दिवशी?"

मामी गेल्यावर साहेब बाहेर आले. साहेब वाईट माणूस नव्हते. वाढदिवस लक्षात ठेवत, शिपायाच्या मुलीच्या शाळेसाठी स्वतः चिठ्ठी देत. त्यांनी तिच्या टेबलावर बोटांनी ताल धरला.

"छान हाताळलंस. दोनदा पाणी विचारलंस, एकदाही 'माफ करा' म्हणाली नाहीस. शिक्षणाचा हा फायदा. बुधवारी तोंडी परीक्षा ना?"

"हो सर."

"गुरुवारी दहाला तुझी प्रत मला इथे हवी. स्वागतकक्षातल्या काचेच्या कपाटात मधोमध ठेवू. पाहुणे येतायत. त्यांनाही कळू दे, आमच्याकडे आपत्तीवर नुसती पळापळ होत नाही, अभ्यास होतो." आणि नेहमीचं वाक्य म्हणून ते हसले, "आपण खोटं बोलत नाही गं. आपण फक्त आधी बोलतो."

*

व्यावसायिक संवाद आणि जनसंपर्क या विषयातली पदव्युत्तर पदवी. दोन वर्षं, शनिवार-रविवार. नाव ऐकून सासूबाई म्हणाल्या होत्या, "म्हणजे लोकांशी बोलायचं शिक्षण? आम्ही जन्मभर लोकांशी बोललो, आम्हाला नाही कोणी पदवी दिली." तरी दोन्ही वर्षं छकुलीला त्यांनीच सांभाळलं, आणि दर शनिवारी सकाळी सून चपला घालताना दारात उभं राहून ऐकवलं, "जा बाई जा, बोलायला शिकून ये. घरी मात्र तोंडातून शब्द निघत नाही तुझ्या."

खोटं नव्हतं ते. दिवसभर कंपनीच्या वतीने बोलून घरी आल्यावर तिच्याकडे स्वतःच्या वतीने बोलायला काही उरत नसे. नवरा पाळीवर जाई, ती आली की तो निघे. दोघांचा संसार दाराच्या उंबऱ्यावर किल्ली देता-घेता चाले.

शिक्षणाची परवानगी साहेबांनीच मिळवून दिली. एक कागद पुढे केला: पदवी मिळाल्यावर तीन वर्षं कंपनी सोडता येणार नाही. छकुली तेव्हा कडेवर होती आणि पेन ओढत होती, म्हणून सहीची शेपूट लांब गेली. तीन वर्षं म्हणजे काय, पोर शाळेत जाईल तोवर, असं तिला वाटलं. लहान मूल असलं की सगळी मोजमापं त्याच्या उंचीने होतात.

आणि अभ्यास तिला आवडला, हे ती कोणाला सांगत नसे. छकुली जन्मल्यापासून तिला एक खोड लागली होती. खोलीत शिरली की आधी ती काय पडेल, काय सांडेल, काय पेटेल ते शोधी. टेबलाचे कोपरे, उघडी खिडकी, गिळता येईल असं बटण. घरात तिची ही भीती थट्टेचा विषय होती. वर्गात तिलाच मार्गदर्शक सर 'दूरदृष्टी' म्हणाले. 'आपत्काळातील संवाद' हा पेपर तर जणू तिच्यासाठीच काढलेला होता. सर सांगत, "घटना घडल्यावर लिहायला बसाल तर उशीर झालेला असतो. मसुदा आधी तयार ठेवा. तारीख, वेळ, नाव यांच्या जागा रिकाम्या सोडा. लोकांना पहिल्या अर्ध्या तासात कारण द्या. तुम्ही दिलं नाहीत तर ते स्वतः शोधतील."

गृहपाठ होता: तुमच्या कामाच्या ठिकाणी न घडलेल्या एका दुर्घटनेचं निवेदन लिहा.

रविवारी दुपारी छकुली झोपल्यावर ती लिहायला बसली. शीतगृहात घडून घडून काय घडेल? गारव्यासाठी नळांतून खेळवतात त्या अमोनियाची गळती. पहिला परिच्छेद खेदाचा, दुसरा मदतकार्याचा, तिसरा 'परिस्थिती पूर्ण नियंत्रणात' वाला. सगळं जमलं, पण मधे एक भगदाड राहत होतं: झालं कशामुळे? चौकशी चालू आहे असं लिहून पाहिलं. पोकळ वाटलं. मग तिने ते एक वाक्य घातलं, मुखवटा उपलब्ध असूनही. घातल्याबरोबर सगळं निवेदन डबीचं झाकण बसावं तसं घट्ट बसलं. इतकं की ती आपल्याशीच हसली. पुढे लिहिलं, 'कर्मचाऱ्याचे नाव' आणि टिंबं टिंबं टिंबं.

सरांनी समासात शेरा दिला: 'उत्तम. कारण मिळाल्यावर प्रश्न थांबतो.' साहेबांनी ते पाहिलं आणि त्याची एक प्रत 'तयार' असं लिहिलेल्या फाइलीत लावून टाकली. तिला अभिमान वाटला होता. घरी येताना तिने छकुलीसाठी फुगा आणला होता.

*

मामा हे कॉम्प्रेसर घराचे चालक. त्यांना सगळे नाकमामा म्हणत, कारण गळती यंत्राच्या काट्याला कळायच्या आधी त्यांच्या नाकाला कळे. कंपनीच्या घरगुती मासिकासाठी 'आमची सुरक्षा' असा लेख लिहायला ती एकदा त्यांच्याकडे गेली होती. गृहपाठाच्या दोनच महिने आधी. त्यांनी तिला यंत्रांच्या आवाजात ओरडून ओरडून सगळं दाखवलं.

"वास आला की पळायचं पोरी, पण आधी वारा बघायचा. वाऱ्याच्या तोंडाला पळायचं, पाठीला नाही. ही व्हॉल्व्हची चाकं. लाल ती आधी. आणि हे मुखवट्यांचं कपाट."

"कुलूप आहे मामा याला."

"आहे ना. चोरीला जातात म्हणे. किल्ली स्टोअरमध्ये. स्टोअर सहाला बंद." मामा हसले. "अमोनियाला सांगून ठेवलंय, बाबा रे, सहाच्या आत गळत जा. दोनदा लिहून दिलंय वर. तुझं मासिक ते वाचतील का बघ."

ती वाक्यं लेखात नव्हती. साहेबांनी विचारायच्या आधीच तिने ती काढली होती. नोकरीत तेवढं कळायला लागतं. फोटो मात्र छापला: मामा हसतायत, मागे कपाट. कुलूप चौकटीबाहेर राहील अशा बेताने कापलेला.

दुर्घटना झाली तेव्हा संध्याकाळचे सात वाजायचे होते. ती तिथे नव्हती. छकुलीला ताप होता, म्हणून दुपारीच ती घरी आली होती. मामांच्या नाकाला वास आला. त्यांनी दोन मदतनिसांना वारा बघून बाहेर पिटाळलं, कपाट ओढून पाहिलं, आणि तोंडाला ओला पंचा बांधून आत जाऊन लाल चाक फिरवून आले. गळती थांबली. पलीकडे अंगणात माल चढवणारे तीस-चाळीस जण होते, त्यांच्यातल्या कोणाला ठसकासुद्धा लागला नाही. मामांचे डोळे भाजले. हे तिला एका मदतनिसाने नंतर सांगितलं, आणि सांगताना इकडेतिकडे पाहिलं.

त्या संध्याकाळी मात्र फोन आला तो साहेबांचा. "काळजी करू नकोस, पोरीकडे बघ. तुझी गरजच पडली नाही! फाइल उघडली, जागा भरल्या, वीस मिनिटांत निवेदन बाहेर. एक शब्द बदलावा लागला नाही."

छकुलीच्या कपाळावरची ओली पट्टी तिच्या हातात तशीच राहिली होती.

नंतर साहेबांनीच सुचवलं, प्रबंधिकेला दुसरा विषय कशाला शोधतेस, घरचंच उदाहरण घे, 'एका शीतगृहातील आपत्कालीन संवाद: एक अभ्यास'. सुचवलं म्हणजे सांगितलं. ती लिहीत गेली. सगळे मूळ कागद शेवटी जोडायचे असा नियम. परिशिष्ट तीन: सराव मसुदा, दिनांकासह, सरांच्या शेऱ्यासह. परिशिष्ट चार: प्रत्यक्ष प्रसृत झालेलं निवेदन. दोन्ही पानं समोरासमोर आली होती. तिने पाहिलं होतं ते. पाहिलं आणि बांधणीला दिलं. घाबरट माणसाला कागद गाळवत नाही, एवढंच तिने स्वतःला समजावलं. सरांनी प्रस्तावना आणि निष्कर्ष वाचले. साहेबांनी ऋणनिर्देशाचं पान वाचलं, त्यात आपला उल्लेख दोनदा आहे हे पाहिलं आणि सही केली.

*

मंगळवारी संध्याकाळी ती तोंडी परीक्षेची उत्तरं पाठ करत होती. स्वयंपाकघरात काहीतरी फुटलं. धावत गेली. छकुली तुकड्यांपासून हातभर दूर उभी होती. रडत नव्हती. सासूबाई केरसुणी शोधत होत्या.

"लागलं का? हात दाखव. पाय दाखव. कसा फुटला कप?"

छकुलीने आधी आईकडे पाहिलं, मग आजीकडे, मग खाली. "कपानेच लक्ष दिलं नाही," ती म्हणाली. "मी सांगितलं होतं त्याला."

सासूबाई खो खो हसल्या. "घ्या! आईची पदवी पोरीला मिळाली. फी न भरता!"

तीही हसायला गेली. हसू अर्ध्यात अडकलं. ती खाली बसून एक एक तुकडा वेचू लागली. बारीक कणांसाठी तळहाताने फरशी चाचपत राहिली, सासूबाई 'अगं झाडते ना मी' म्हणत असतानाही.

"आई," ती वर न बघता म्हणाली, "मला नोकरी नसली तर?"

सासूबाईंची केरसुणी थांबली. "नसली म्हणजे?"

"म्हणजे सहजच."

"सहज असं काही नसतं. तीन वर्षं बांधून घेतलंय ना त्यांनी? मग नसायला काय झालं?" सासूबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं, मग सुपलीत तुकडे ओढून घेतले. "उद्या परीक्षा आहे, तिकडे बघ आधी. नको ते तोंडावर आणू नकोस."

*

बाहेरच्या परीक्षक बाई ठेंगण्या होत्या आणि त्यांना जाड भिंगाच्या चष्म्यावर आणखी एक भिंग लागत होतं. खोलीत एक लांब टेबल, तीन खुर्च्या, आणि बंद न होणारी एक खिडकी. मार्गदर्शक सर उत्साहात होते. पहिली दहा मिनिटं छान गेली. व्याख्या विचारल्या, तिने सांगितल्या. टप्पे विचारले, सांगितले.

मग बाईंनी प्रबंधिका शेवटाकडून उघडली.

"मी नेहमी मागून वाचते," त्या म्हणाल्या. "पुढे माणसं नीटनेटकी असतात. हे परिशिष्ट तीन कधीचं?"

"सराव मसुदा आहे, मॅडम. पहिल्या वर्षातला."

"आणि घटना?"

"त्यानंतर चौदा महिन्यांनी."

बाईंनी भिंग एका पानावरून दुसऱ्या पानावर नेलं, परत आणलं. खिडकी वाऱ्याने आपटली.

"प्राथमिक माहितीनुसार असं लिहिलंय. दोन्हीकडे. ही माहिती चौदा महिने आधी कशी मिळाली?"

सर खुर्चीत पुढे सरकले. "मॅडम, तो मसुद्याचा नमुना आहे, त्यात साधारण संभाव्य..."

"मी यांना विचारतेय."

तिच्याकडे उत्तर तयार होतं. संभाव्य धोक्यांच्या पूर्वविश्लेषणावर आधारित मांडणी. काल रात्रीपर्यंत तेच घोकलं होतं. तोंड उघडलं तेव्हा भलतंच बाहेर आलं.

"ती माहिती नव्हती, मॅडम. ते वाक्य होतं."

मग बाईंनी विचारलं, "आणि मुखवटा? होता उपलब्ध?"

"कपाटात होता. कपाटाला कुलूप होतं. मी पाहिलं होतं. वाक्य लिहायच्या दोन महिने आधी."

सर टेबलाकडे पाहत राहिले. बाईंनी भिंग मिटवलं आणि बराच वेळ रुमालाने पुसलं.

"तुम्हाला गुण चांगले पडतील," त्या म्हणाल्या. "निवेदन उत्तम लिहिलंय. कुठे फट नाही. मी तीस वर्षं हेच शिकवलं, त्यामुळे मी तुम्हाला काय बोलू? इथे न्यायनिवाडा नसतो, गुणपत्रिका असते." त्यांनी सही केली. "एक प्रत विभागात राहील. एक ग्रंथालयात जाईल. मांडणीवर यायला पाच-सहा महिने लागतात त्यांना, नोंदी, शिक्के. मग कोणालाही वाचता येते. तिसरी तुमची." आणि ती काळी, जाड पुठ्ठ्याची प्रत त्यांनी टेबलावरून तिच्याकडे सरकवली. "पाच-सहा महिने थांबायचं की नाही, ते माझ्या हातात नाही."

बाहेर सरांनी तिला जिन्यात गाठलं. घाम पुसत म्हणाले, "अभिनंदन. विशेष प्रावीण्य आहे. पण काय गरज होती? 'पूर्वविश्लेषण' म्हणायचं ना. आपण दोघांनी बसवलं होतं ते उत्तर." मग आवाज खाली आणून म्हणाले, "ती प्रत सांभाळून ठेवा हं. म्हणजे घरीच ठेवा."

फाटकापाशी उभं राहून तिने फोन पाहिला. साहेबांचा निरोप होता: 'अभिनंदन! उद्या दहाला प्रत. कपाट पुसून ठेवलंय.' सासूबाईंचाही फोन येऊन गेला होता. तिने लावला.

"झालीस का पास?"

"झाले."

"मग आवाज असा का? ये लवकर, पोरगी वाट बघतेय. किती वाजतील?"

"कळवते," ती म्हणाली, आणि घराकडे जाणारी बस समोरून जाऊ दिली.

*

मामांचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत शिवणयंत्र, त्याच्या शेजारी खुर्ची, खुर्चीत मामा. काळा चष्मा. भर दुपारी पडदा ओढलेला, कारण उजेड त्यांना खुपतो. मामींनी दार उघडलं. 'या' म्हणाल्या नाहीत, पण बाजूला झाल्या.

"कोण?" मामांनी विचारलं. मग मान थोडी वर करून त्यांनी श्वास घेतला. "कळवते मॅडम. त्या साबणाचा वास. नाक अजून चालतंय बघ."

"मामा, मी..."

"पोरीचा ताप उतरला का?"

"उतरला. तेव्हाच उतरला."

"मग बरं."

ती खाली सतरंजीवर बसली. काय बोलायचं ते जिन्यात तीनदा जुळवलं होतं. खेदाचा परिच्छेद, मदतीचा परिच्छेद. एकही शब्द हाताला लागेना. तिने पिशवीतून पुस्तक काढून मामांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी पुठ्ठ्यावर तळवा फिरवला. सोनेरी अक्षरं उठावाची होती. एक एक अक्षर बोटाने लावत ते म्हणाले, "नाव आहे होय तुझं? पास झालीस?"

"झाले."

"मोठी झालीस पोरी."

मामी यंत्रापाशी उभ्या होत्या, हात छातीशी बांधून. ती त्यांच्याकडे वळली.

"तुम्ही विचारलं होतं, हे कोणी लिहिलं. मी लिहिलं. दुर्घटनेच्या चौदा महिने आधी. वर्गात, गृहपाठ म्हणून. यात ते तारखेसकट आहे, सरांच्या सहीसकट. परिशिष्ट तीन. आणि समोरच्या पानावर पेपरात आलं ते. दोन्ही शब्द न् शब्द सारखी आहेत. वीस मिनिटांत कोणी काही पाहिलं नव्हतं, मामी. कोणी आतच गेलं नव्हतं. शुक्रवारी हे समितीपुढे ठेवा. कपाटाच्या कुलपाचं मला विचारलं तर मी सांगेन."

शिवणयंत्राचं चाक मामींनी उगाच एकदा फिरवलं आणि हाताने थांबवलं.

"याने होईल काही?" त्यांनी विचारलं.

जिभेवर तोच शब्द आला होता. तिने तो गिळला.

"माहीत नाही."

"आणि तुमचं?"

"उद्या दहाला ही प्रत मागितलीय त्यांनी. माझ्याकडे दुसरी नाही."

मामी तिच्याकडे बघत राहिल्या. त्या नजरेत माया नव्हती, पण रागही पहिल्याइतका नव्हता. कापड बेतताना बघतात तसं त्या बघत होत्या, पुरेल की नाही. मग आत गेल्या. भांड्याचा आवाज आला. चहा ठेवल्याचा.

"वाच," मामा म्हणाले. "तुझं वाच. ते आधीचं."

तिने पान काढलं आणि वाचू लागली. स्वतःचं लिखाण तिने कधी मोठ्याने वाचलं नव्हतं. खेद आला, मदतकार्य आलं. 'मुखवटा उपलब्ध असूनही' हेही तिने वाचलं. मामा मान हलवत ऐकत होते, मासिकातला लेख ऐकावा तसे.

"'कर्मचाऱ्याचे नाव,'" तिने वाचलं आणि गप्प झाली.

"पुढे?"

"पुढे काही नाही मामा. जागा सोडलीय. टिंबं आहेत."

"आणि दुसऱ्या पानावर?"

"तिथे तुमचं नाव आहे."

मामांनी उजवा हात पुढे केला, बोट उघड्या पानावर टेकवलं आणि आंधळ्या मुंगीसारखं ते इकडून तिकडे फिरवलं. पान गुळगुळीत होतं. इथे पुठ्ठ्यासारखी अक्षरं हाताला लागत नव्हती.

"कुठे आहे ती जागा?"

तिने त्यांचं बोट धरलं. लाल चाकं फिरवून फिरवून त्याची कातडी लाकडासारखी झाली होती. ते उचलून तिने नेमकं टिंबांवर ठेवलं.

मामांनी टिंबांच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत बोट ओढलं. इंचभर भरलं असेल.

"एवढीच?"

"एवढीच."

आत चहा उकळत होता. पिशवीत तिचा फोन वाजायला लागला. वाजून थांबला, पुन्हा वाजायला लागला. मामांनी बोट उचललं नव्हतं, म्हणून तिनेही हात काढला नाही.